पॉवर प्रेसचं लाइट कर्टन: न्यूमॅटिकवर घ्या, पिन क्लचवर पैसे घालू नका

आमच्या शॉपमधल्या दोन पॉवर प्रेसवर (रॅम वरून खाली येऊन साच्यात, म्हणजे डायमध्ये, पत्रा कापतो किंवा वाकवतो ती यंत्रं) शेठनी लाइट कर्टन बसवून घेतलं, त्याला आता वर्ष होत आलं. एका प्रेसवर ते उत्तम चालतंय. दुसरीवरून मी ते काढायला लावलं. ओळखीतले सेटर आणि एक-दोन छोटे मालक अधूनमधून विचारतात, घ्यावं का, कितीला पडलं, खरंच उपयोग होतो का. प्रत्येकाला टपरीवर उभं राहून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. ब्रँडचं नाव देत नाही. तोच माल तीन-चार वेगळ्या स्टिकरखाली विकला जातो आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही स्टिकरला लागू आहे.

मी भोसरी एमआयडीसीत डाय सेटर आहे, म्हणजे प्रेसवर डाय बसवून देणारा. शॉप लहान. सहा प्रेस, त्यातल्या चार जुन्या पिन क्लचच्या सी-फ्रेम (सुरू झालेला स्ट्रोक मध्ये थांबत नाही), दोन न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावरच्या क्लचच्या (मध्येच थांबवता येतात). दुचाकीचे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असला माल निघतो. आम्ही ज्यांना माल देतो ते पुढे मोठ्या व्हेंडरला देतात आणि तो व्हेंडर गाडीच्या कंपनीला. त्यामुळे गाडीच्या कंपनीचा सेफ्टी ऑडिटवाला आमच्या गल्लीपर्यंत कधी पोचत नाही. चार मार्चला सुरक्षा दिनाचे बिल्ले तेवढे पोचतात.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाइट कर्टन म्हणजे दोन उभ्या पट्ट्या, प्रेसच्या तोंडासमोर एक डावीकडे, एक उजवीकडे. एकीतून डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण निघतात, दुसरी ते पकडते. मध्ये हात आला आणि एक जरी किरण तुटला की आउटपुट बंद होतं आणि प्रेस थांबते. समोर जाळी नाही, दार नाही, ऑपरेटरला जॉब नीट दिसतो. ऐकायला झकास. फक्त एवढं लक्षात घ्या की कर्टन निरोप देतं, थांबायचं काम प्रेसलाच करावं लागतं. तुमच्या प्रेसला थांबता येतं का, हे विकणारा स्वतःहून विचारत नाही.

आम्हाला एक सेट २८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३३,०४० ला पडला. त्यात दोन पट्ट्या, ब्रॅकेट आणि केबल. सेफ्टी रिले (कर्टनचा निरोप घेऊन प्रेस बंद करणारा खात्रीचा स्विच) वेगळा, फिटिंगवाल्याची मजुरी वेगळी. पहिल्या कोटेशनमध्ये तर रिले नव्हताच, साध्या कॉन्टॅक्टरवर (मोटरचा नेहमीचा विजेचा स्विच) जोडून देतो म्हणाला. असं कुणी म्हणालं तर सरळ नको म्हणा. कर्टनमधून दोन आउटपुट काढलेले असतात ते एवढ्याचसाठी की एक बिघडलं तरी दुसऱ्याने प्रेस बंद व्हावी. दोन्ही नेऊन एका साध्या कॉन्टॅक्टरवर बांधली आणि त्याचे पॉइंट चिकटले, की झालं. डब्यावर टाइप ४ लिहिलंय का तेही बघा. टाइप २ स्वस्त असतं आणि दिसायला हुबेहूब तसंच असतं, पण ते कमी धोक्याच्या यंत्रांसाठी. प्रेसवर टाइप ४ च.

मग किरणांमधली फट. १४ मिलिमीटरवालं बोट ओळखतं, ३० वालं हात ओळखतं, आणि ४० वालं बाजारात भरपूर मिळतं कारण ते स्वस्त पडतं. शेठना पहिल्यांदा ४० चंच दाखवलं होतं. मी फिटरसमोर माझी दोन बोटं त्या पट्ट्यांमधून आडवी आत घातली. हिरवा दिवा हिरवाच राहिला. मग १४ चं आलं.

आता मुख्य मुद्दा, जो मी पाहिलेल्या बहुतेक शॉपमध्ये चुकलेला असतो: कर्टन डायपासून किती लांब लावायचं. फिटरने ब्रॅकेट बोल्स्टरच्या, म्हणजे डाय ज्यावर बसते त्या पाटाच्या, कडेला टेकवून बघितलं आणि म्हणाला, बस्स, इथे मस्त बसतं. डायपासून जेमतेम वीतभर. मी विचारलं, या प्रेसचा स्टॉपिंग टाइम किती? तर म्हणतो, 'काका, सेन्सर वीस मिलिसेकंदात काम करतो.' म्हटलं, सेन्सर करतो रे बाबा, रॅम करतो का?

हिशोब असा आहे. हाताचा वेग सेकंदाला २,००० मिलिमीटर धरायचा. किरण तुटल्यापासून रॅम पूर्ण उभा राहीपर्यंत सेन्सर, रिले, व्हॉल्व्ह आणि ब्रेक या सगळ्यांचा मिळून जो वेळ जातो त्याने गुणायचं. समजा तो ०.२ सेकंद आहे, तर ४०० मिलिमीटर. एवढ्या लांब १४ वालं कर्टन हवं. ३० वालं घेतलं तर बोटं किरणांमधून आधीच आत शिरलेली असतात, म्हणून आणखी १२८ मिळवायचे. बेरीज ५०० च्या वर गेली की वेग १,६०० धरून पुन्हा मांडायचं, पण ५०० च्या खाली यायचं नाही. म्हणजे त्याच प्रेसला ३० च्या कर्टनसाठी अर्धा मीटर लागतो. हा हिशोब आयएसओ १३८५५ या मानकातला आहे, माझ्या मनचा नाही. वीतभर अंतरावर लावलेलं कर्टन किरण तुटल्याची नोंद बरोबर घेतं, दिवा लाल होतो आणि तोवर हात डायमध्ये पोचलेला असतो.

एवढं लांब लावलं की आणखी एक भानगड होते. कर्टन आणि डाय यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बाजूने हात घालता येतो. सी-फ्रेम तर मागूनही उघडी असते, आणि स्क्रॅप ओढायला हेल्पर मागेच उभा असतो. कर्टन फक्त समोरचं बघतं. दोन्ही बाजूंना आणि मागे पक्की जाळी बोल्टने बसवावीच लागते. ती आम्ही गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. कोटेशनमध्ये या जाळीचा उल्लेखच नव्हता.

न्यूमॅटिक प्रेसवर बसवून झाल्यावर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, शॉप रिकामं असताना आम्ही चाचणी घेतली. रॅम खाली येत असताना लाकडी पट्टी किरणांमधून डायकडे सरकवली. रॅम वरच थांबला. पट्टीला ओरखडासुद्धा नाही. पुन्हा पुन्हा केलं, वरून, मधून, अगदी खालच्या किरणातून. दर वेळी थांबला. तिथे मी या वस्तूला मानलं. आता रोज शिफ्ट सुरू होताना १४ मिलिमीटरचा गोल रॉड वर, मध्ये आणि खाली फिरवून बघायचा आणि मगच पहिला पीस काढायचा, असा नियम आहे. रॉड प्रेसलाच साखळीने अडकवून ठेवलाय, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी टूलबॉक्समध्ये सापडतो.

न्यूमॅटिकवाल्यांनी एक पाहून घ्या. क्लचची हवा सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह सिंगल आहे की डबल? सिंगल असेल आणि तो अडकला तर कर्टनने कितीही ओरडू दे, क्लच सुटणार नाही. आमच्या एका प्रेसला डबल होता, दुसरीला नव्हता. म्हणून तूर्त एकीवरच कर्टन आहे.

आता पिन क्लचकडे येतो, कारण खरं दुखणं तिथलं आहे.

पिन क्लचमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायडल दाबलं की पिन फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि क्रँक त्याच्याबरोबर फिरायला लागतो. पूर्ण फेरा होऊन रॅम परत वर आला की कॅम ती पिन बाहेर ओढतो. मधल्या वेळात सुटका नाही. मोटर बंद करा, मेन स्विच पाडा, फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या जोरावर तो स्ट्रोक पूर्ण होणारच. अशा प्रेसला लाइट कर्टनने निरोप द्यायचा तरी कुणाला?

आणि पिन झिजली, स्प्रिंग थकली किंवा ब्रेकचा पट्टा तेलाने गुळगुळीत झाला, तर वर आल्यावर पिन बाहेर येत नाही. रॅम आपोआप दुसऱ्यांदा खाली येतो. याला आम्ही डबल मारणं म्हणतो. प्रेसवर काम केलेल्या कुणालाही विचारा, हा शब्द ऐकून त्याचा हात आपोआप मागे जाईल. सेफ इन इंडिया नावाची संस्था हरियाणातल्या वाहनउद्योगात जखमी झालेल्या कामगारांबरोबर काम करते. त्यांच्या अहवालांमध्येही हात-बोटं जाण्याला सर्वांत जास्त कारणीभूत यंत्र म्हणून पॉवर प्रेसच येते.

आमच्याकडेही असंच झालं. पन्नास टनी प्रेसवर हेल्पर होता, बावीस वर्षांचा, नांदेडकडचा. ऑपरेटर त्या दिवशी आला नव्हता म्हणून ठेकेदाराने याला बसवलं. पीस डायमध्ये चिकटला. पायडलवरून पाय काढून तो बोटाने पीस सोडवत होता आणि प्रेसने डबल मारलं. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. चिरडलेली होती, जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुणीतरी ती घाईघाईत नुसत्या बर्फात टाकली होती. एरवीसाठी सांगून ठेवतो: तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बर्फ थेट बोटाला लागू द्यायचा नाही.

त्यानंतर शेठनी लगेच कर्टन मागवलं, आणि तेही पहिल्यांदा त्याच पन्नास टनी पिन क्लचवर लावायला. त्यांच्या हेतूत खोट नव्हती. विकणाऱ्याने सांगितलं होतं की कुठल्याही प्रेसवर चालतं. पायडलच्या दांड्याला सोलेनॉइड बसवला, कर्टन त्याला जोडलं. बसवून झाल्यावर मी शेठना प्रेससमोर उभं केलं, तशीच लाकडी पट्टी घेतली, स्ट्रोक सुरू झाल्यावर किरणांमधून आत सरकवली. दिवा लाल झाला. पट्टीचे दोन तुकडे झाले.

शेठ बराच वेळ बोलले नाहीत. मग विकणाऱ्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, 'सर, स्ट्रोकच्या आधी हात आत असेल तर स्ट्रोक सुरूच होणार नाही, तेवढा फायदा आहे ना.' हे खरं आहे. पण तो फायदा साधा आहे, आणि डबल मारण्यावर त्याचा शून्य उपयोग, कारण तिथे स्ट्रोक सुरू करायला कुणाचीच परवानगी लागत नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे, समोर लाल-हिरवा दिवा असला की माणूस निर्धास्त होऊन हात घालतो. दिवा नसता तर निदान भीती तरी राहिली असती. म्हणून पिन क्लचवर हे कर्टन नसलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पिन क्लचवर काय करायचं? आम्ही डायला चारी बाजूंनी पक्की जाळी केली. ब्लँक (कापून ठेवलेला पत्र्याचा तुकडा) आत सरकायला पुढून घसरपट्टी ठेवली, आणि कुठलीही फट सहा मिलिमीटरपेक्षा मोठी ठेवली नाही, म्हणजे बोट शिरतच नाही. पीस बाहेर ढकलायला हवेचा झोत दिला. जे जॉब असे बंदिस्त करता येत नाहीत ते न्यूमॅटिकवर नेले, आणि एक जॉब शेठनी सरळ सोडून दिला. त्याचा त्रास त्यांना महिनाभर झाला, मला मान्य आहे. लोहचुंबकाची मूठ आणि अॅल्युमिनियमचे चिमटे प्रत्येक प्रेसवर टांगलेत. अॅल्युमिनियम अशासाठी की चिमटा चुकून डायमध्ये राहिला तरी पंच (डायचा वरचा भाग) फुटत नाही. लोखंडी चिमट्याने पंच फुटला तर ऑपरेटरला बोलणी बसतात आणि मग तो चिमटा न वापरता बोटं घालतो. पिन आणि स्प्रिंग तुटायची वाट न बघता ठरलेल्या मुदतीला बदलायच्या. या सगळ्याचा खर्च एका कर्टनपेक्षा कमी आला. पिन क्लच काढून न्यूमॅटिक क्लच बसवणं हा पक्का इलाज, पण तो खर्च वेगळ्या घरातला आहे.

न्यूमॅटिकवरच्या कर्टनबद्दल रोजच्या वापरातल्या काही गोष्टी. आधी तिथे दोन हातांची बटणं होती. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात, अशी ती असायला हवीत. आमची जुनी बटणं तशी नव्हती. रात्रपाळीत एक बटण टेपने चिकटवून ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. कर्टन आल्यावर टेपचा प्रश्न मिटला. त्या प्रेसवर बसणाऱ्या ताई म्हणतात, खांदा भरून यायचा तो थांबला, आणि नगही पूर्वीपेक्षा जास्त निघतात. मालक लोकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तक्रारी आहेत. काचेवर तेलाचा थर बसतो आणि मग प्रेस विनाकारण थांबते. पाळीला एकदा कोरड्या कापडाने पुसायची सवय लावावी लागते. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग सुरू झालं की आमचं कर्टन ट्रिप व्हायचं, अर्थिंग वेगळं केल्यावर थांबलं. आणि एक जी माहितीपुस्तकात बारीक अक्षरात आहे: किरणांच्या जवळ चकचकीत पत्रा असेल तर किरण त्यावरून परावर्तित होऊन दुसऱ्या पट्टीला पोचतात आणि हात मध्ये असूनही कर्टनला कळत नाही. आमचे ऑपरेटर ब्लँकची चळत नेमकी पट्टीला चिकटून ठेवायचे. आता तिथे पिवळा पट्टा मारलाय आणि त्याच्या आत काही ठेवायचं नाही.

बायपासची चावी. सेटिंग करताना कर्टन बंद ठेवून रॅम इंच-इंच खाली आणावा लागतो, म्हणून चावीचा स्विच असतो. ती चावी माझ्याकडे असते. सुपरवायझरकडे मागून मिळते असं एकदा झालं की टार्गेटच्या दिवशी ती स्विचमध्येच राहते. खंडेनवमीला प्रेसबरोबर त्या चावीलाही हळद-कुंकू लावून मी खिशात घातली, सगळे हसले.

आता कर्टनच्या डब्यात जे येत नाही त्याबद्दल.

अपघाताच्या दिवशी ठेकेदाराचं पहिलं वाक्य होतं, 'खासगीत नेऊ, सगळा खर्च मी करतो, कागद नको.' त्या क्षणी हे फार मोठं मन वाटतं. पोराला रक्त थांबवायचं असतं, घरचे गावाकडे, तो मान डोलावतो. पट्टी निघाली की खर्च संपतो आणि बोट गेलं याची कुठेच नोंद राहत नाही. आम्ही जवळच्या दवाखान्यात नेलंच, पण त्याच दिवशी शेठना म्हटलं, ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) अपघात रिपोर्ट भरायचा. मालकाने तो २४ तासांत द्यायचा असतो. शेठ घाबरले होते, इन्स्पेक्टर येईल म्हणून. शेवटी त्यांच्या अकाउंटंटनेच त्यांना समजावलं की रिपोर्ट न देणं जास्त महागात पडेल.

पोराच्या पगारातून ईएसआय कापला जात होता, पण त्याला स्वतःचा विमा नंबर माहीत नव्हता. नंबर ठेकेदाराच्या फायलीत. आमच्या भागात असे खूप आहेत, आणि काहींचं कार्ड तर बोट गेल्यावर त्या दिवशी निघतं. माझ्या हाताखाली नवीन पोरगा आला की मी पहिल्या दिवशी त्याला ईएसआयचं ई-पहचान कार्ड मागायला लावतो आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवायला सांगतो. पंधरा हजार पगारावर मालकाचे ३.२५ टक्क्यांनी ४८८ रुपये जातात आणि कामगाराचे ०.७५ टक्क्यांनी ११३. मर्यादा महिना २१,००० पगाराची. ठेकेदाराचा माणूस असला तरी वर्गणी भरली जाते की नाही ही जबाबदारी मुख्य मालकावर येते. 'तो माझा नाही, ठेकेदाराचा आहे' हे इथे चालत नाही. आणि कामावर लागून एक दिवस झाला असला तरी अपघाताचा लाभ मिळतो, आजारपणाच्या रजेसारखी वर्गणीच्या दिवसांची अट इथे नाही.

रिपोर्टात एक रकाना असतो: कामगार नियम किंवा सूचना मोडून काम करत होता का. आमच्या सुपरवायझरने तिथे 'निष्काळजीपणा' लिहायला घेतलं होतं. मी त्याला म्हटलं, प्रेसने डबल मारलं ते लिही. तरीही समजा पोराने खरंच गार्ड काढला असता, तरी ईएसआय कायद्याच्या ५१-ब कलमाप्रमाणे, मालकाच्या कामासाठीच तो ते करत होता तर तो अपघात कामावरचाच धरतात. हे फार कमी लोकांना माहीत आहे. 'तुझीच चूक, तुला काही मिळणार नाही' हे वाक्य ऐकून परत गेलेली माणसं मी पाहिलीत.

बरं होईपर्यंत सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के मिळतात, आणि ते मिळत असताना कामावरून काढता येत नाही. नंतर मेडिकल बोर्ड बसतं आणि कमावण्याची ताकद किती गेली ते टक्क्यांत ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात बोटांचे दर ठरलेले आहेत. वाचताना पोटात कसंतरी होतं. पूर्ण तर्जनी १४ टक्के, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, अंगठा ३०. एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चारही गेली तर ५०. आमच्या पोराचे १४ टक्के. रोज ५०० असतील तर त्याचे ९० टक्के ४५०, आणि त्याचे १४ टक्के ६३ रुपये. महिन्याला साधारण १,८९०, जन्मभर. बोर्डासमोर जाताना गेलेलं बोटच दाखवू नका, उरलेल्या बोटांची पकड कमी झाली असेल, मूठ वळत नसेल तर तेही सांगा आणि लिहून घ्या म्हणा. टक्के कमी वाटले तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येतं.

ज्यांना ईएसआय लागूच नाही, त्यांच्यासाठी १९२३ चा नुकसानभरपाई कायदा होता. त्याचं गणित वेगळं: मासिक पगार (जास्तीत जास्त १५,००० धरतात) त्याचे ६० टक्के, गुणिले वयाचा आकडा. पंचवीस वर्षांच्या माणसाचा आकडा २१६.९१. म्हणजे ९,००० गुणिले २१६.९१, १९,५२,१९० रुपये, आणि तर्जनीचे १४ टक्के धरले तर सुमारे २,७३,३०० एकरकमी. महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि वर दंड. ठेकेदार पाकिटात वीस हजार घालून सही मागतो तेव्हा हा आकडा डोक्यात असावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांमध्ये गेले. आमचं प्रकरण त्याआधीचं, म्हणून मी जुनी कलमं सांगतोय. नवीन प्रकरण असेल तर युनियनवाल्याला किंवा वकिलाला कलम विचारून घ्या.

कारखाना कायद्याचं एक वेगळंच. महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला तो २० कामगारांपासून लागू होता. गल्लीतल्या कितीतरी प्रेस शॉपमध्ये कागदावर बरोबर एकोणीस माणसं असतात. ईएसआय मात्र दहापासून आहे, ते विसरू नका.

पोरगा परत आलाय. प्रेसवर बसत नाही म्हणाला, त्याला डिस्पॅचमध्ये घेतलं. डाव्या हाताने चलन लिहायला शिकतोय, शेठ त्यावर कुरकुर करतात पण लिहू देतात.

तर हिशोब: न्यूमॅटिक क्लच, डबल व्हॉल्व्ह, टाइप ४, १४ मिलिमीटर, सेफ्टी रिले आणि बाजूच्या जाळ्या असं सगळं जमत असेल तर पाचपैकी साडेचार. अर्धा गुण विकणाऱ्याच्या न सांगण्याबद्दल कापला. यातलं व्हॉल्व्ह किंवा अंतर जमत नसेल तर आधी ते जमवा, मग घ्या. पिन क्लचवर शून्य.

एक मदत हवीय. आमच्या प्रेसचा स्टॉपिंग टाइम आम्ही प्रेस बनवणाऱ्याच्या जुन्या कागदावरून धरलाय, आणि ब्रेकचे लायनर झिजले की तो वाढतो. मोजायचं मीटर विकत घेणं आम्हाला परवडत नाही. भोसरी, चाकण किंवा तळवड्यात कुणाकडे असेल आणि अर्ध्या दिवसासाठी भाड्याने देणार असाल तर कळवा. गुरुवार चालेल.